अचानक आलेला पैसा आधी कुणाला द्यायचा?

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले पैसे बायकांच्या खात्यात आले. जुलै आणि ऑगस्ट, दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये आधी एकच चौकशी चालू होती, ‘तुझे आले का?’ आणि पाठोपाठ दुसरी, ‘यातून आधी कुणाचं भागवायचं?’ राज्यातल्या कितीतरी बहिणींना तर हा दुसरा प्रश्न पडायलाही वेळ मिळाला नाही. जुनं कर्ज थकलं होतं किंवा किमान शिल्लक नव्हती म्हणून पैसे जमा होताच बँकांनी ते कापून घेतले. ठिकठिकाणाहून तक्रारी गेल्या, तेव्हा योजनेची रक्कम अशी कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

असा पैसा येण्याच्या आणखीही वाटा आहेत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडचं काम सुटलं की पीएफ निघतो. दिवाळीला बोनस होतो. भिशी लागते. विम्याची मुदत संपते. रस्त्यात जमीन गेली तर मोबदला मिळतो. कुणाच्या घरातला कर्ता माणूस अपघातात जातो आणि भरपाई मिळते, ते पैसे मोजताना हात थरथरतात. रक्कम ३,००० असो की ३ लाख, घरातली पंचाईत एकच असते. पैसा एक आणि मागणारे पाच.

हा विषय आरोग्याच्या पानावर का?

वस्तीत बीपी आणि शुगर तपासायला बसलो की आम्ही प्रत्येकीला विचारतो, गोळ्या चालू आहेत का? ‘मधे बंद होत्या’ असं उत्तर आलं की विचारतो, का बंद केल्या? पुष्कळदा उत्तर येतं, ‘हप्त्याचा आठवडा होता.’ घरात पैसा कमी पडला की आधी बंद होते बाईची गोळी, मग म्हाताऱ्यांची, मग पोरांचं दूध आणि अंडी. हप्ता मात्र चुकत नाही, कारण हप्त्याला माणूस दारात येतो. बीपी दारात येऊन ओरडत नाही. ते गप्प बसतं आणि एक दिवस अर्धांगवायू होऊन बोलतं.

उलट्या बाजूनं पाहिलं तरी तेच. कर्ज कशामुळे झालं हे विचारत मागे गेलं की कितीतरी घरांत ते दवाखान्यापाशी जाऊन थांबतं. सिझर, अपेंडिक्सचं ऑपरेशन, डेंगीत चार दिवस ॲडमिट. आजारपणानं कर्ज होतं, कर्जानं औषध बंद होतं, औषध बंद झालं की पुन्हा आजारपण. हे चाक थांबवायची संधी अशा अचानक आलेल्या पैशात असते आणि ती रोज येत नाही.

म्हणून आमचं सांगणं थोडक्यात असं. आलेला सगळा पैसा कर्जात घालू नका. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याला आधी देऊ नका. पहिला वाटा आजारपणाचा बाजूला काढा, दुसऱ्या वाट्यातून सगळ्यात महाग व्याजाचं कर्ज मुळासकट संपवा आणि बाकीचे हप्ते वेळेवर चालू ठेवा.

आधी आठ दिवस थांबा

पैसा आल्याची बातमी वस्तीत पैशाच्या आधी पोचते. कुणाला उसने हवे असतात, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणी नवी गाडी हप्त्यावर घ्यायला सुचवतं. आठ दिवस पैसा खात्यातच राहू द्या. लाडक्या बहिणीचा पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात येतो, त्याचं एटीएम कार्ड आणि पिन तिच्याजवळच असावा. बायकांना मालमत्तेत हक्क मिळावा यासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या बाबासाहेबांनी ते अडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांच्या लेकींनी आपल्या खात्यातल्या पैशाचा निर्णय दुसऱ्यावर सोडू नये.

या आठ दिवसांत एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी लिहा. कुणाचं देणं आहे? मुद्दल किती राहिलं आहे? दर महिन्याला नुसतं व्याज किती जातं? आणि हप्ता चुकला तर काय होतं? नवऱ्यानं बाहेर घेतलेलं, बायकोनं गटातून उचललेलं, पोरानं मोबाइलच्या ॲपवरून घेतलेलं, सगळं त्या वहीत आलं पाहिजे. कुणावर राग काढायचा नाही, नाहीतर उरलेलं कर्ज वहीत येतच नाही. लिहायला नको वाटतं, पण अंगावरची गाठ डॉक्टरला दाखवायलाही नकोच वाटतं. दाखवल्याशिवाय इलाज होत नाही.

महाग कर्ज कसं ओळखायचं?

सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तेव्हा ते थोडं वाटतं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ टक्के. १५,००० रुपयांवर महिन्याला ७५० रुपये. असे वीस महिने दिले की १५,००० रुपये देऊन होतात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. शेकडा दहा असेल तर दहा महिन्यांतच तेवढे जातात.

बचत गटाच्या नावानं वस्तीत मीटिंग घेणाऱ्या फायनान्स कंपनीचा दर समजा वर्षाला २४ टक्के आहे, म्हणजे महिन्याला दोन टक्के. त्याच १५,००० वर तिथं महिन्याला ३०० रुपये व्याज होतं. आता हिशोब करा. हातातले १५,००० सावकाराला दिले तर महिन्याचे ७५० वाचतात, फायनान्सला दिले तर ३००. तरी पैसा आला की लोक आधी फायनान्सकडे धावतात, कारण तिथला साहेब गटातल्या दहा बायकांसमोर उभं करतो आणि आपला हप्ता इतर बहिणींना भरावा लागतो. ही लाज खरी आहे. म्हणून तो हप्ता चुकवायचा नाही, दोन महिन्यांचा बाजूला काढून ठेवायचा. पण ज्यादा पैसा जायचा तो सावकाराकडं.

एका घराचा हिशोब

समजा रांजणगावला कामाला जाणाऱ्या एका भावाचं ठेक्याचं काम सुटलं आणि पीएफ व राहिलेला पगार धरून ४०,००० रुपये आले. घरावर सावकाराचे १५,००० आहेत शेकडा पाचनं. फायनान्सचे २८,००० राहिलेत, हप्ता महिन्याला २,४००. मोबाइलचे १,५०० रुपयांचे चार हप्ते आहेत. किराणा दुकानात ३,५०० ची उधारी आहे. सासऱ्यांची शुगरची गोळी बंद आहे आणि घरातल्या बाईला पाळीत फार जातं, चालताना धाप लागते.

पहिली इच्छा होते की फायनान्सला २८,००० देऊन मोकळं व्हावं, उरलेल्यात सावकाराला थोडं द्यावं. तसं केलं तर आठ दिवसांत हात रिकामा, काम सुटलेलं, आणि कुणाला सलाईन लावायची वेळ आली की पुन्हा त्याच सावकाराचं दार.

त्यापेक्षा असं करून पाहा. आजारपणाला ६,०००. फायनान्स आणि मोबाइल यांच्या दोन महिन्यांच्या हप्त्यांना ७,८००. सावकाराचं मुद्दल १५,००० पूर्ण. किराणा ३,५०० पूर्ण, कारण अडचणीत बिनव्याजी धान्य देणारा तोच एक माणूस आहे. नवं काम लागेपर्यंत घरखर्चाला ७,०००. उरलेल्या ७०० रुपयांत पोरांना वह्या आणि एक दिवस घरात गोडाधोडाचं. बरोबर ४०,००० झाले. पुढच्या महिन्यापासून सावकाराला जाणारे ७५० रुपये मोकळे झाले. ते आजारपणाच्या खात्यात टाकत गेलं तर वर्षाला ९,००० होतात. पैसा तोच, पण आता तो आपल्या बाजूनं काम करतो.

रक्कम लहान असेल, लाडक्या बहिणीचे ३,००० असतील, तर अर्धे आजारपणाला ठेवा आणि अर्धे सावकाराच्या मुद्दलात भरा. ‘हे व्याज नाही, मुद्दलातले आहेत’ असं सांगून पावती घ्या. पण या १,५०० च्या भरवशावर नवं कर्ज उचलू नका. पडताळणीत पुष्कळ बहिणींची नावं यादीतून गेली आहेत. पैसे थांबले तरी हप्ता थांबत नाही.

रक्कम मोठी असेल, जमिनीची किंवा मयताच्या भरपाईची, तर सगळी महाग कर्जं संपवून उरलेला पैसा पोस्टात किंवा बँकेत मुदत ठेवीत टाका. बँक बुडाली तरी एका खातेदाराला त्या बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. एक टक्का व्याज ज्यादा मिळतं म्हणून नवऱ्याच्या जिवाचा पैसा तिथं ठेवू नका.

कर्ज फिटलं की ‘बाकी नाही’ असा दाखला मागून घ्या. कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, पासबुक, जे काही समोरच्याकडं अडकलं असेल ते त्याच दिवशी परत घ्या. पैसे देऊन कागद तिथंच राहिला तर कर्ज पुन्हा जिवंत होऊ शकतं.

आजारपणाचा वाटा कशाला?

६,००० रुपयांत काय होतं, असं कुणी विचारेल. खाजगी दवाखान्याच्या डिपॉझिटलाही पुरणार नाहीत. पण हा पैसा डिपॉझिटसाठी नाहीच. उपचार फुकट मिळायच्या जागा आहेत. तिथपर्यंत पोचायला आणि तिथं टिकायला पैसा लागतो. गाडीभाडं, बरोबरच्या माणसाचं जेवण, बुडालेली रोजंदारी, बाहेरून आणायला लावलेली एखादी तपासणी. या खर्चाला घाबरून आपली माणसं सरकारी रुग्णालय सोडून जवळच्या खाजगीत जातात आणि कर्जात बुडतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, शिरूरचं ग्रामीण रुग्णालय, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय या सगळ्यांना हे लागू आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. वरच्या घरातल्या सासऱ्यांची गोळी तिथं आज चालू होऊ शकते.

मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आता पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्या रेशनकार्डांची कुटुंबं त्यात आहेत. प्रत्येक दवाखाना आणि प्रत्येक आजार योजनेत नसतो. म्हणून डिपॉझिट भरायच्या आधी १५५३८८ या नंबरवर फोन करून विचारा किंवा योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत कायम तयार ठेवा, रात्री बारा वाजता ते सापडत नाहीत.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजारपण नसतानाच काढून ठेवा.

आता त्या बाईचं. पाळीत फार जाणं आणि चालताना धाप लागणं म्हणजे अंगातलं रक्त कमी झालेलं असू शकतं. हिमोग्लोबिन तपासलंच पाहिजे. पण हातात पैसा आहे म्हणून ‘पिशवी काढून टाका’ या सल्ल्यावर लगेच होकार देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं ते विसरू नका. आधी हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोग डॉक्टरचं मत घ्या. पुष्कळदा हा त्रास गोळ्यांनी आटोक्यात येतो.

वसुलीचे नियम आपल्याही बाजूनं आहेत

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना विनातारण दिलेल्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. महिन्याला १६,००० येत असतील तर सगळे हप्ते मिळून ८,००० च्या आत. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नाव जाहीर करणं, हे सगळं मना आहे.

सावकाराला परवाना लागतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली, शेतकरी नसलेल्या माणसाला तारण न घेता दिलेल्या कर्जावर वर्षाला १८ टक्के हा दर सरकारनं ठरवून दिला आहे. वरच्या १५,००० वर महिन्याला २२५ रुपये. ७५० घेणारा सावकार कायद्यात बसत नाही आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. एकट्यानं जायला भीती वाटते हे आम्हाला माहीत आहे. चार जणी मिळून, लेखी अर्ज घेऊन जा आणि पोच घ्या.

कर्जानं झोप उडणं, छातीत धडधडणं, जेवण न जाणं, ‘आपण गेलो तर सुटलो’ असं मनात येणं, ही दुखणीच आहेत. घरातला पुरुष बोलत नाही, दारू वाढवतो, तेव्हाही हेच चालू असू शकतं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

धम्म याबद्दल काय सांगतो?

तथागतांनी गरिबीचं कौतुक कधी केलं नाही. अंगुत्तर निकायात त्यांनी कर्जाची पायरी-पायरीनं वाट सांगितली आहे. गरिबीतून कर्ज, कर्जावर व्याज, व्याज थकलं की तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगताना त्यांनी कर्ज नसण्याचं सुख, अनणसुख, वेगळं मोजलं. आणि सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग खायला-वापरायला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटासाठी राखून. आपल्या घरांत हा चौथा भागच नसतो. आजारपणाचा वाटा म्हणजे तो चौथा भाग.

बाबासाहेबांच्या घरीही असा पैसा एकदा आला होता. १९१७ मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती बुडाली. सामानाच्या भरपाईचे थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे बडोद्याला नोकरीवर जायचं होतं आणि जायलाही पैसे नव्हते. त्या रकमेतला एक भाग त्यांनी घरखर्चासाठी रमाईंच्या हाती ठेवला आणि उरलेल्यावर बडोदा गाठलं. करार पाळायला निघालेला माणूस घराचा वाटा विसरला नाही.

या रविवारी विहारात वंदना झाली की महिला मंडळानं अर्धा तास जास्त बसावं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी इतरांच्या वह्या मांडून द्याव्यात. कुणाची रक्कम किती हे मोठ्यानं वाचायचं नाही, पण शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ, हे मात्र सगळ्यांनी मोठ्यानं म्हणावं. आणि उठायच्या आधी प्रत्येकीनं शेजारणीला एकच विचारावं, ‘तुझी गोळी चालू आहे का?’

जयभीम.